काकडे सरांचा नारळ

माणूस विज्ञानाकडे वळतो तो विश्वाच्या अथांग गूढापुढे नतमस्तक होऊन. हे वाक्य मी आजवर बऱ्याच व्यासपीठांवरून बोललो आहे आणि दरवेळी पहिल्या रांगेतल्या कोणी ना कोणी मान डोलावली आहे. वाक्य चांगलंच आहे. खोट एवढीच की माझ्या बाबतीत ते खरं नाही. विश्वानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. केलं होतं ते काकडे सरांनी. न्यूट्रिनो नावाच्या कणामागे मी उभी हयात घालवली ती एका माणसाला खोटं पाडायचं म्हणून, आणि आता सगळं लिहून ठेवायचं वय झालं आहे म्हणून लिहितो. या वयात माणसाला क्षमा करता येऊ लागते असं ऐकून आहे. माझ्याकडे ती अजून पोचलेली नाही.

आमचं गाव चिखलीपासून जीपनं अर्ध्या तासावर. बाप खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पंधरा दिवसांतून एकदा यायचा, आला की झोपायचा. घर चालवायची ती माय. गावातल्या शाळेत तिला पाणी भरायचं काम होतं. शाळेच्या व्हरांड्यात दोन रांजण होते आणि विहीर होती पार नाल्यापलीकडे. माय तांब्याची मोठी घागर डोक्यावर घेऊन खेपा घालायची. तीच घागर घरालाही लागायची, त्यामुळे माझ्या लहानपणाचे सगळे आवाज त्या घागरीचेच आहेत. पहाटे ती चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासली जायची त्याची खरखर, चुलीवर भाकरी थापल्याची थप थप, आणि मग विहिरीवर पोहरा रिकामा होताना घागरीतून चढत जाणारा तो सूर. पाणी जसं वर येईल तसा आवाज बारीक होत जातो. मी डोळे मिटून सांगायचो, "माय, आता गळ्याशी आलं." ती म्हणायची, "कानानं पाणी भरते का बे तू?" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोजमाप. नंतर कोट्यवधींची उपकरणं हाताळली, पण इतकं भरवशाचं एकही निघालं नाही.

काकडे सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक दिसायचं. पंचक्रोशीत मात्र त्यांची ओळख वेगळी होती. ते पाणी पाहायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून, शेंडी पुढे करून ते शेतातून चालत जायचे, आणि जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ हातावर आपोआप उभा राहायचा. आमच्याकडे नारळवाले, कडुनिंबाच्या फांदीवाले, नुसत्या तळपायाच्या झिणझिण्यांवर पाणी सांगणारे असे बरेच होते, पण ते अडाणी. काकडे सर विज्ञानाचे पदवीधर. त्यामुळे त्यांचा नारळ अंगात आल्यासारखा उभा राहत नसे, तो लहरींमुळे उभा राहायचा. भूगर्भातलं पाणी सूक्ष्म लहरी सोडतं, त्या माती, दगड, माणूस, सगळ्यातून आरपार जातात, असं ते वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवत. पाठ्यपुस्तकात हे कुठं नव्हतं. ते म्हणत, पुस्तक पुण्यात छापतात, त्यांना काय माहीत.

शाळेला हापशी मंजूर झाली तेव्हा जागा दाखवायचा मान अर्थातच सरांचा. सगळी शाळा मैदानाच्या कडेनं उभी होती. सर नारळ घेऊन निघाले, चिंचेपाशी थबकले, आणि नारळ उठला. नेमकी त्याच वेळी माय रांजणात पाणी ओतून रिकामी घागर काखेत घेऊन मैदानातून परत चालली होती. रोजचीच वाट तिची. कोणी लक्ष दिलं नाही. चार दिवसांनी बोअरची गाडी आली. दिवसभर खडखडाट, आणि जमिनीतून नुसता पांढरा भुकटा. संध्याकाळपर्यंत हेडसर, सरपंच आणि आम्ही पोरं गिरणीतून निघाल्यासारखे दिसत होतो. दोनशे फुटांवर मशीनवाल्यानं हात झटकले. सगळे सरांकडे पाहायला लागले. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "त्या दिवशी ही बाई आडवी गेली होती. रिकामी घागर घेऊन."

माय व्हरांड्यात उभी होती. ती म्हणाली, "सर, मी तं रोजच जाते इथून."

"बाई, मी शकुन-अपशकुनाचं बोलत नाही. मी विज्ञानाचा माणूस आहे," सर म्हणाले. "तांब्याचं रिकामं भांडं लहरी तोडते. नारळाला दिशा चुकीची मिळते."

एवढ्यानं झालं. कोणी नुसता अपशकुन म्हटला असता तर चार जण तरी मायच्या बाजूनं भांडले असते. पण विज्ञानासमोर कोण बोलणार? आठवड्याभरात हेडसरांनी पाण्याच्या कामावर दुसरी बाई लावली आणि मायला सांगितलं की तिनं फाटकाच्या आत न आलेलं बरं. गावानं तिला नाव ठेवलं, रिती. रितीचा पोरगा, रितीचं घर. लग्नघरी पाणी आणायला बाया निघाल्या की एखादी हळूच म्हणायची, "सुभद्राबाई, आजच्या दिवस तू राहू दे." माय भांडली नाही. तिनं फक्त एक केलं. त्या दिवसापासून ती घागर कधी पूर्ण रिकामी करेना. ओंजळभर पाणी तळाशी ठेवायचीच. कोणी काही म्हणायच्या आत घागर हलवून दाखवायची, आत डुबुक डुबुक वाजायचं. पुढं कित्येक वर्षं तिनं ते ओंजळभर जास्तीचं पाणी डोक्यावर वागवलं. तांब्याच्या घागरीपुढे त्याचं वजन काहीच नव्हे. मी मात्र ते अजून धरून आहे.

बोअर कोरडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला. माझा हेतू शुद्ध नव्हता, पण प्रश्न शुद्ध होता. "सर, लहरी सगळ्यातून आरपार जातात, तं मंग नारळात काऊन अडकतात? अन् दगडातून जातात तं तांब्यातून काऊन नाई?" सर शांतपणे चालत आले आणि मला एक अशी थप्पड दिली की मान डावीकडे गेली ती मधल्या सुट्टीपर्यंत तिकडंच राहिली. "आईसारखाच आडवा येतो," ते म्हणाले. पोरं हसली. एकटा रशीद हसला नाही. त्याचे अब्बा कल्हई लावायचे, आमच्या घागरीचं बूड त्यांनीच दोनदा सांधलं होतं, त्यामुळे घागरीची बदनामी हा त्याला घरचाच विषय वाटत असावा. सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "सवाल बरोबर होता बे तुहा. पण सरले सवाल नाई विचारायचा. सरची तारीफ करायची. तारीफ केली की माणूस कुठंबी चढते. मंग खालून शिडी काढायची." तेरा वर्षांच्या मुलाकडून मला मिळालेला हा सल्ला, प्रयोग कसा आखावा याबद्दलचा मी ऐकलेला सर्वोत्तम सल्ला आहे.

आम्ही तारीफ सुरू केली. न्हाव्याकडे, हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर, जिथं दोन माणसं उभी दिसतील तिथं रशीद म्हणायचा, "काकडे सर तं डोळे बांधूनबी पाणी सांगतात," आणि मी म्हणायचो, "हाव, म्या पाह्यलं." पाचव्या दिवशी तीच बातमी आम्हाला परत ऐकायला मिळाली, तीही वाढून. जालन्याकडच्या एका गावात सरांनी म्हणे अमावस्येला, डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन विहिरी सांगितल्या होत्या. सरांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी ते नाकारलं नाही. नुसते हसायचे, जाणकार माणूस हसतो तसे. आणि मग तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला आले तेव्हा हेडसरांनी स्वागताच्या भाषणात शंख फुंकला, की आमचे काकडे सर डोळे बांधून भूजलाचा वेध घेतात आणि आज साहेबांना ते प्रात्यक्षिक पाहायला मिळेल. सरांचा चेहरा मला अजून आठवतो. मी तो चेहरा मनात कापून, चौकट करून ठेवला आहे.

आधी उघड्या डोळ्यांनी. सरांनी मैदानात तीन जागा दाखवल्या, तिन्ही ठिकाणी रशीदनं चुन्याचा गोल काढला. कोरड्या बोअरच्या आसपास सर फिरकलेसुद्धा नाहीत. मग आम्ही चुना पायानं पुसला, मी गुपचूप बाभळीच्या काड्या रोवून ठेवल्या, आणि साहेबांनी स्वतःच्या रुमालानं सरांचे डोळे बांधले. सर निघाले. पहिल्यांदा नारळ उठला तो जुन्या जागेपासून चांगला शंभर पावलं लांब. दुसऱ्यांदा तर तो मुतारीच्या भिंतीशी उठला. कडेच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "अरे, मघा तं तिकडं होतं." मी फाटकाकडे पाहिलं. माय फाटकाच्या बाहेर उभी होती, आत यायची मनाई होती म्हणून. तिची घागर काखेत होती. मला वाटलं, झालं. आता एकच राहिलं, तिसरी जागा चुकली की मी हात वर करणार आणि सगळ्यांसमोर विचारणार की घागर तर फाटकाबाहेर आहे, आता काय तुटलं?

सर चिंचेकडे वळले. तिथं कोरड्या बोअरच्या तोंडावर एक सपाट धोंडा ठेवलेला होता. माझ्या डोळ्यांदेखत सरांच्या उजव्या पायाचा अंगठा त्या धोंड्याला लागला. ते थांबले. मी त्यांच्या चपलेपासून दहा फुटांवर होतो, अंगठा हळूच धोंड्याच्या कडेवरून फिरला, ओळख पटेपर्यंत. आणि नारळ ताडकन उभा राहिला. इतका ताठ तो कधीच उभा राहिला नव्हता. सरांनी पट्टी काढली, खाली पाहिलं, चकित झाल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? पाणी इथंच आहे! मशीनवाल्यानं अर्ध्यात सोडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळे बांधून माणूस नेमका त्याच जागी आला, याहून मोठा पुरावा कोणाला हवा? आधीच्या दोन चुका त्या कडकडाटात विरघळून गेल्या. मी ओरडलो, "अंगठा! सरचा अंगठा लागला धोंड्याले!" पण रशीदसुद्धा ऐकू शकला नाही, तो माझ्या शेजारी होता. साहेबांनी तिथल्या तिथं हुकूम दिला. पंधरा दिवसांत गाडी परत आली, तेच भोक आणखी खाली नेलं, आणि पाणी लागलं. आमच्या काळ्या दगडात कुठंही पुरेसं खोल गेलं तर कधी लागतं, कधी नाही. त्या दिवशी लागलं. सरांचा सत्कार ठरला आणि वर्गात पहिला नंबर म्हणून हार घालायचं काम माझ्याकडे आलं. झेंडूचा हार होता. मी तो घातला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माय त्या दिवशी, मनाईनंतर पहिल्यांदाच, फाटकाच्या आत आली. तिनं हेडसरांना विचारलं, "सर, पाणी इथंच होतं, तं मंग माह्या घागरीनं काय बिघडवलं?"

हेडसर म्हणाले, "जाऊ द्या बाई, लागलं ना आता पाणी. कशाला जुनं उकरता?"

हापशी बसली. पाणी भरायला कोणाचीच गरज उरली नाही, त्यामुळे तिला परत कामावर घ्यायचा प्रश्नच मिटला. ती कापूस वेचायला जाऊ लागली. तिचं रिती हे नाव कोणी परत घेतलं नाही. घेणार कोण, ते दिलं होतं असंही कोणी कबूल करत नव्हतं. सत्काराच्या रात्री अंबाडीची भाजी आणि भाकर होती. मी जेवलो नाही. माय म्हणाली, "जेव. उपाशी माणसाले राग पुरत नाई." मी जेवलो, आणि राग पुरला. पुढं पुण्यात कॉलेजात माझ्या 'मले-तुले'ला हसणारी मुलं होती, मेसचं बेचव वरण होतं, नापास होण्याची भीती होती. दर परीक्षेच्या आदल्या दिवशी मी डोळ्यांसमोर तो अंगठा आणायचो आणि पुस्तक उघडायचो. ध्येयवाद लोकांना कुठून मिळतो मला ठाऊक नाही. मला एका अंगठ्यानं आयुष्यभर पुरवला.

संशोधनासाठी मुलाखत होती तेव्हा समोर एक म्हातारे प्राध्यापक बसले होते, शर्टाचं एक बटण तुटलेलं. ते न्यूट्रिनोंबद्दल सांगू लागले. अतिशय हलका कण, सूर्यातून निघतो आणि माती, दगड, माणूस, अख्खी पृथ्वी, सगळ्यातून आरपार जातो. हे शब्द ऐकताच माझी मान आपोआप डावीकडे वळली. घाबरून मी पुण्यात कमावलेली सगळी भाषा विसरलो आणि म्हणालो, "सगळ्यातून आरपार जातात तं मंग अडकतात काऊन?" प्राध्यापक उठतील असं वाटून मी गाल सावरला. ते म्हणाले, "बहुतेक अडकत नाहीतच. फार क्वचित एखादा अडखळतो. म्हणून वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं, आणि अडखळला तो खरंच तोच होता की आपल्याला तसं वाटलं, यावर भांडावं लागतं. येता का?" माझ्या प्रश्नाला उत्तर देणारा तो पहिला माणूस. मी गेलो.

तेव्हापासून मी जमिनीखालीच काम केलं. दूरदेशीच्या एका जुन्या खाणीत, डोंगराच्या पोटात, प्रचंड टाकीत शुद्ध पाणी साठवायचं आणि अंधारात त्यात एखादी बारीकशी ठिणगी पडते का पाहायचं. काकडे सर जमिनीखालचं पाणी शोधत, मी जमिनीखाली पाणी नेऊन ठेवत होतो. मायला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "इतकं पाणी खाली कोणी वाहून नेलं?" आमच्या कामात एक शिस्त आहे: आपल्याला हवं ते उत्तर आपणच काढू नये म्हणून आकडे आधी झाकून ठेवतात, सगळी पद्धत पक्की झाली की मगच उघडतात. डोळ्यांवर पट्टी, थोडक्यात. माझे सहकारी सांगतील की त्या झाकलेल्या आकड्यांना कुठून काही चाहूल लागत नाही ना, हे तपासण्यात मी सगळ्यांचा जीव खायचो. पट्टी बांधली म्हणजे झालं असं त्यांना वाटायचं. मी आधी धोंडे उचलायचो.

मला छंद दोन. पहिला, समारंभांच्या निमंत्रणपत्रिका जमवणं. अध्यक्षांच्या नावामागे किती विशेषणं आहेत ते मी मोजतो, आणि सर्वांत लांब पत्रिका भिंतीला लावतो. दुसरा छंद घागर वाजवणं. रजेवर गावी गेलो की मायची तांब्याची घागर मांडीवर घेऊन तिच्यावर ठेका धरतो. घरात नळ येऊन जमाना झाला, तरी माय ती घासते आणि तळाशी ओंजळभर पाणी ठेवतेच. मी म्हणायचो, "माय, ओतू का? मोकळी चांगली वाजेल." ती म्हणायची, "राहू दे. वाजते तशी वाजू दे."

मी निवृत्त झालो तेव्हा गावानं सत्कार ठेवला. पत्रिकेत अध्यक्षांच्या नावामागे सात विशेषणं होती आणि अध्यक्ष होते काकडे सर. नव्वदीला टेकलेले, कानाला यंत्र, शर्ट तसाच पांढरा शुभ्र. मी भाषण लिहून आणलं होतं. इतक्या वर्षांचं भाषण, त्यात शंभर पावलं होती, मुतारीची भिंत होती, अंगठा होता. माय समोर खुर्चीवर बसली होती. आधी सर बोलले. "या मुलानं मला वर्गात प्रश्न विचारला होता," ते म्हणाले, "त्याच वेळी मी त्याला दिशा दाखवली." हे खरं होतं. डावी दाखवली होती. मग मी उठलो आणि काहीही न गाळता सगळं बोललो. लोक पोट धरून हसले. अंगठ्याला तर टाळ्या पडल्या. कोणाला वाटलं गुरूची आठवण किती प्रेमानं काढतो, कोणाला वाटलं साहेब मोठे विनोदी आहेत. सरांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी उतरलेली होती. ते सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी शाल दिली आणि नारळ दिला. शेजारचा माणूस माझ्या कानाशी लागला, "नारळ सरांनी सोता निवडला, दुकानात पंधरा-वीस कानाशी हलवून पाह्यले."

घरी आल्यावर मायनं चपला काढायच्या आधी नारळ मागितला. उंबऱ्यावर बसून तिनं खलबत्त्याच्या दांड्यानं तो फोडला. खाली वाटी धरली होती. वाटीत काही पडलं नाही. तिनं दोन्ही भकलं उलटी करून झटकली. आत थेंब नव्हता.

तिनं भकलं खाली ठेवली. मग म्हणाली, "दिनू, आठव बरं, मी कुठं आडवी तं नाई गेली?" आणि हसायला लागली, अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. डोळे पुसून झाल्यावर तिनं कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट दाखवलं. "ओत ते पाणी," ती म्हणाली.

मी घागर अंगणात नेऊन पूर्ण उपडी केली आणि मांडीवर घेऊन वाजवली. ओंजळभर पाण्यानं आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही. मी दुसऱ्या दिवशी मोजून पाहिलं.